बाबांच्या वहीतले सव्वादोन तास: मुंबई ते न्यूयॉर्क

ताई, तुमच्या बाबांनी वहीत मांडलेला हिशेब मला फार आवडला, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे. तुम्ही लिहिलंय ते असं: आईबाबा डिसेंबरात साताऱ्याहून मुंबईला येऊन न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचं थेट विमान पकडणार आहेत. बाबांनी अंतर शोधून काढलं, १२,५५० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० धरला, भागाकार केला आणि १४ तास आले. तिकिटावर मात्र १६ तास १५ मिनिटं आहेत, आणि परतीच्या तिकिटावर १४ तास ३० मिनिटं. त्यांचे तीन प्रश्न आहेत. वरचे सव्वादोन तास गेले कुठे? रस्ता तोच, तर जाताना आणि येताना पावणेदोन तासांचा फरक का? आणि पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणजे न्यूयॉर्क आपल्याच दिशेनं येत असणार. मग पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचायला नको का?

मी सव्वीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचर होतो. हे काम फारसं कुणाला माहीत नसतं. वैमानिक विमानतळावर यायच्या कितीतरी आधी जमिनीवर कुणीतरी बसून त्या रात्रीचा मार्ग, उंची, इंधन आणि अडचण आल्यास उतरायची ठिकाणं ठरवत असतं. त्याला फ्लाइट प्लॅन म्हणतात. कॅप्टन तो तपासतो, हवं तर इंधन वाढवून मागतो आणि मग सही करतो. मुंबई–न्यूयॉर्कचे असे प्लॅन मी इतके काढलेत की त्या सव्वादोन तासांचा मिनिटामिनिटाचा हिशेब देता येईल.

आधी अंतराचं. बाबांचा आकडा बरोबर आहे. घरात पृथ्वीगोल असेल तर शिवणाचा दोरा घ्या, एक टोक मुंबईवर आणि दुसरं न्यूयॉर्कवर धरून ताणा. दोरा आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर बसतो. शाळेच्या भूगोलात ज्याला बृहद्‌वृत्त म्हणतात, त्याचाच हा तुकडा. आता तो दोरा कुठून जातो ते नीट पाहा. मुंबईहून तो पश्चिमेला जातच नाही. उत्तरेपासून जेमतेम २७ अंश पश्चिमेकडे झुकून निघतो. सिंध, कंदाहारचा परिसर, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मॉस्कोच्या आग्नेयेकडून पुढे, मग सेंट पीटर्सबर्गजवळून, नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या आसपास, तिथून आइसलँड, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळचा समुद्र, कॅनडातलं लॅब्राडोर, अमेरिकेतलं मेन राज्य आणि शेवटी न्यूयॉर्क. १९ अंश उत्तरेवरून निघून ४० अंशावर उतरायचं, पण मध्ये जवळजवळ ६५ अंशांपर्यंत चढायचं. भिंतीवरच्या नकाशावर हीच वाट मोठ्या कमानीसारखी दिसते आणि माणसाला वाटतं, विमान उगाच फेरा मारतंय. फेरा नकाशात आहे. गोल पृथ्वी चौकोनी कागदावर पसरताना ध्रुवांकडचा भाग ताणावा लागतो. त्यामुळेच त्या नकाशावर ग्रीनलँड आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे.

बाबांना गणिताची आवड दिसते, म्हणून रीतही देतो. नको असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्हींच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइननं गुणा. या दोन गुणाकारांची बेरीज म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापाशी दोन्ही ठिकाणांमध्ये होणाऱ्या कोनाचा कोसाइन. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. केनेडी ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. रेखांशांतला फरक १४६.६५ अंश. बेरीज येते उणे ०.३८६, म्हणजे कोन ११२.७ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, तेव्हा अंतर साधारण १२,५३०. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. विषुववृत्तावरची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडची ६,३५७. ते जमेस धरलं की आकडा थोडा वाढून बाबांच्या १२,५५० पर्यंत येतो. आमच्या कामात किलोमीटर वापरत नाहीत, नॉटिकल मैल वापरतात. एक नॉटिकल मैल १,८५२ मीटर, म्हणजे अंशाचा साठावा भाग. कोनाचं थेट अंतर होतं, म्हणून जहाजांपासून विमानांपर्यंत तेच माप टिकलं. या हिशेबानं मुंबई–न्यूयॉर्क सुमारे ६,७७५ नॉटिकल मैल.

पण हा झाला दोरा. विमान दोऱ्यावरून जात नाही, आणि पहिली ४० मिनिटं इथे जातात.

मुंबई–पुणे सरळ मोजलं तर १२० किलोमीटरच्या आत आहे. गाडीनं जाताना दीडशेच्या आसपास पडतात, कारण मध्ये बोरघाट आहे. आकाशातही असे घाट आहेत, फक्त ते डोंगरांचे नसून देशांचे आहेत. वर सांगितलेली नावं पुन्हा वाचा: सिंध, कंदाहार, रशिया. दोरा नेमका जिथून जातो, तिथलंच आकाश गेली काही वर्षं कधी बंद, कधी अर्धवट उघडं असतं. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्ताननं हवाई हद्द बंद केली, ती पूर्ण उघडली १६ जुलैला. त्या साडेचार महिन्यांत दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारी विमानं आधी दक्षिणेला गुजरातकडे येऊन, अरबी समुद्रावरून वळसा घालून जात होती, आणि काहींना वाटेत इंधनासाठी उतरावं लागत होतं. २४ एप्रिल २०२५ ला भारतीय कंपन्यांसाठी ती हद्द पुन्हा बंद झाली आणि ती बंदी महिन्यामहिन्यानं वाढत गेली. मुंबईकरांना याचा फटका दिल्लीकरांपेक्षा कमी बसतो, कारण मुंबईहून समुद्र समोरच आहे. ओमानच्या दिशेनं निघालं की फार मागे वळावं लागत नाही.

रशियाचं वेगळं. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांत युरोपीय संघ आणि अमेरिकेच्या विमानांना रशियानं दारं लावली. त्या देशांनी रशियालाही लावली होती. भारतीय कंपन्यांना ती बंदी नव्हती. म्हणून दोन विमानतळ तेच, विमानही तेच, तरी शेपटीवरचा झेंडा कुणाचा यावर मार्ग बदलतो. याचं सर्वांत मोठं उदाहरण हेलसिंकी–टोकियो. रशियावरून साडेनऊ तासांच्या आसपास लागायचे, ते तेरा तासांपर्यंत गेले. फिनलंडची विमानं उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली. दोन्ही शहरांमधलं अंतर एका मीटरनंही वाढलेलं नाही.

मग मुंबईचं विमान जातं कसं? बहुतेक रात्री अरबी समुद्र, आखात, तुर्कस्तान, युरोप, आयर्लंड किंवा त्याच्या उत्तरेकडून अटलांटिक आणि कॅनडाच्या किनाऱ्यानं खाली. हाही मार्ग ठरलेला नाही. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्ष पेटला तेव्हा इराण आणि इराकचं आकाश एकाएकी रिकामं झालं, आणि २३ जूनला कतारचंही काही तास बंद होतं. अशा रात्री डिस्पॅचरच्या टेबलावर नोटॅमचा ढीग असतो. नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचना: कुठली हद्द किती वाजल्यापासून बंद, कुठल्या उंचीखाली जायचं नाही, कुठली धावपट्टी दुरुस्तीला काढली आहे. त्यातल्या एका ओळीनं सोळा तासांचा प्लॅन नव्यानं काढावा लागलेला मी अनेकदा पाहिला आहे. सर्वसाधारण दिवशी मुंबई–न्यूयॉर्कचा प्रत्यक्ष मार्ग मी १३,२०० किलोमीटर धरतो. दोऱ्यापेक्षा ६५० जास्त. ९०० नं भागा: १४ तास ४० मिनिटं.

आता वारा. माझ्या मते सगळ्यात मोठा आणि सगळ्यात सुंदर भाग हाच, आणि बाबांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

पृथ्वी खालून सरकते आणि विमान वर अधांतरी असतं, ही कल्पना पुष्कळांच्या मनात असते. पण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते, आणि विमान त्या हवेत असतं. डेक्कन क्वीन भरधाव असताना डब्यात लिंबू वर उडवलं तर ते मागच्या बाकावर पडत नाही, आपल्याच हातात येतं. तसंच. विमान सांताक्रूझला धावपट्टीवर उभं होतं तेव्हाही ते पृथ्वीबरोबर फिरतच होतं. उडालं म्हणून ती गती सुटत नाही. न्यूयॉर्क आपल्याकडे येत नाही.

तरी बाबांची शंका वाया जात नाही, कारण पृथ्वीचं फिरणं विमानावर परिणाम करतंच, फक्त दुसऱ्या वाटेनं आणि उलट दिशेनं. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढून ध्रुवांकडे सरकते. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर मोठा, तेव्हा तिथली हवा पूर्वेकडे जास्त वेगानं फिरत असते. उत्तरेकडे सरकताना खालची जमीन तिच्या मानानं सावकाश फिरते, आणि ही हवा पूर्वेकडे पुढे निघून जाते. याला उष्ण आणि थंड हवेतल्या फरकाची जोड मिळाली की नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वाऱ्याचा झोत तयार होतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. शेकडो किलोमीटर रुंद, काही किलोमीटर जाड, आणि हिवाळ्यात त्याच्या गाभ्यात ताशी २०० ते ३०० किलोमीटर वेग सहज असतो. विमानं नेमकी याच उंचीवर उडतात.

८ फेब्रुवारी २०२० च्या रात्री अटलांटिकवर किआरा नावाचं वादळ होतं. त्या रात्री न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं एक बोइंग ७४७ चार तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३२० किलोमीटरच्या पुढे गेला होता. इंजिन रोजचंच होतं. वारा पाठीशी होता. त्याच रात्री उलट दिशेनं जाणाऱ्यांचं काय झालं असेल, याचा विचार माझ्यासारखा माणूस आधी करतो.

मुंबईहून निघताना हिवाळ्यात उपोष्ण जेट, म्हणजे जेट स्ट्रीमचा उष्ण प्रदेशालगतचा पट्टा, लवकरच समोर येतो. डिसेंबर ते मार्च तो उत्तर भारत, इराण, अरबस्तानाच्या पट्ट्यावर असतो. आपल्याकडे बातम्यांत जो पश्चिमी विक्षोभ ऐकतो, तोही याच पश्चिमेकडच्या वाऱ्यांबरोबर वाहत येतो. पावसाळ्यात चित्र उलटतं. जेट हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि दक्षिण भारतावर, अरबी समुद्रावर उंचावर पूर्वेकडून वारा सुरू होतो. या पूर्व जेटचा सखोल अभ्यास १९५० च्या दशकात पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी केला. जुलैत मुंबईहून आखाताकडे जाणाऱ्या विमानाला पहिला तास-दीड तास पाठीशी वारा मिळतो. खाली मुंबईत नैर्ऋत्येकडून पाऊस झोडपत असतो आणि वर नेमकं उलटं वारं. मला दरवर्षी जूनमध्ये वाऱ्याचा पहिला असा चार्ट पाहिला की पाऊस स्थिरावला याची खात्री पटायची.

पुढे अटलांटिक. तिथे समुद्राच्या मध्यावर रडार पोचत नाही, म्हणून विमानांसाठी रोज दोनदा, त्या दिवसाच्या वाऱ्यानुसार, नवे समांतर मार्ग आखले जातात. युरोपहून अमेरिकेकडे जाणाऱ्यांसाठी एक संच, अमेरिकेहून युरोपकडे येणाऱ्यांसाठी दुसरा. पूर्वेकडे येणाऱ्यांचे मार्ग जेटच्या कुशीतून काढतात, पश्चिमेकडे जाणाऱ्यांचे त्याला टाळून, बऱ्याचदा पार उत्तरेकडून. यातच बाबांच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे: रस्ता तोच नसतो. जाताना आणि येताना काही ठिकाणी शेकडो किलोमीटरचा फरक असतो. शिवाय तुमच्या आईबाबांचं विमान रात्री दीडला मुंबई सोडून अटलांटिकवर पोचतं, तेव्हा अमेरिकेहून रात्री निघालेल्या विमानांचा लोंढा अजून पूर्वेकडे येत असतो. लोंढ्याच्या विरुद्ध जाता येत नाही. म्हणून डिस्पॅचर त्याला आइसलँड-ग्रीनलँडच्या बाजूनं काढतो. 

सगळ्या मार्गावरचा वारा जमेस धरून हिवाळ्यात जाताना सरासरी ताशी ५५ किलोमीटरचा वारा समोरून, हे मी ठोकताळा म्हणून वापरायचो. म्हणजे जमिनीवरचा वेग ८४५. १३,२०० भागिले ८४५: १५ तास ३७ मिनिटं. आणखी ५७ मिनिटं गेली. परतताना तोच वारा पाठीशी, वेग ९५५, आणि वेळ १३ तास ४९ मिनिटं. फरक झाला एक तास ४८ मिनिटांचा. तिकिटावरचा पावणेदोन तासांचा फरक तो हाच.

उरलेली ३८ मिनिटं जमिनीची आणि चढउताराची. तिकिटावरची वेळ हवेतली नसते. विमान मुंबईत आपल्या जागेवरून हललं त्या क्षणापासून न्यूयॉर्कला जागेवर थांबेपर्यंतची असते. आम्ही तिला ब्लॉक टाइम म्हणतो, कारण थांबलेल्या विमानाच्या चाकांखाली ठोकळे लावतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच कामाची, रांग लागते. केनेडीला उतरल्यावर टर्मिनलपर्यंतची फेरी लांब असते. त्यात चढताना आणि उतरताना वेग ९०० नसतो. १५ तास ३७ मध्ये ३८ मिळवा: सव्वासोळा तास. बाबांची वही आणि तिकीट जुळलं.

यानंतर बाबा विचारतील ते मला माहीत आहे: मग विमान जरा जोरात का नेत नाहीत? अकरा किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ५६ अंश असतं आणि तिथे आवाजाचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर. विमान त्याच्या ८४-८५ टक्क्यांवर उडतं, तेच ९००. त्यापुढे गेलं की पंखावरून वाहणारी हवा काही ठिकाणी आवाजाचा वेग बराच ओलांडते, विमानाला मागे खेचणारी हवेची ओढ झपाट्यानं वाढते आणि इंधन सांडल्यासारखं जातं. आणि या मार्गावर इंधन हीच खरी मर्यादा आहे. बोइंग ७७७-३००ईआरसारख्या विमानाच्या टाक्यांत सुमारे १४५ टन इंधन मावतं, उड्डाणाचं कमाल वजन साधारण ३५१ टन. तासाला सात-आठ टन जळतं. म्हणजे सोळा तासांसाठी सव्वाशे टनांच्या घरात, वर राखीव. इतक्या लांबच्या उड्डाणात जास्तीचं एक टन इंधन न्यूयॉर्कपर्यंत न्यायचं तर ते वाहून नेण्यातच आणखी निदान तिसरा हिस्सा जळतो. म्हणून डिस्पॅचर इंधन मोजून भरतो, कमीही नाही आणि उगाच जास्तही नाही. जड विमान सुरुवातीला फार उंच जाऊच शकत नाही; तीस-बत्तीस हजार फुटांवर राहतं आणि इंधन जळून हलकं झालं की पायऱ्या चढल्यासारखं दोन-दोन हजार फूट वर जातं. मुंबईहून अमेरिकेची विमानं मध्यरात्रीनंतर निघण्यामागे हेही एक कारण आहे. रात्रीची हवा थंड आणि दाट, त्यामुळे भरलेलं विमान धावपट्टीवर लवकर उचलतं. भर दुपारच्या उन्हात त्याच वजनाला जास्त धाव लागते.

एक रात्र सांगतो. जानेवारी होता. वाऱ्याचा अंदाज नेहमीपेक्षा तीस किलोमीटरनं वाईट आला आणि न्यूयॉर्कला बर्फाचा इशारा. केनेडी बंद झालं तर जवळचे विमानतळही बंद होणार, म्हणून पर्यायी विमानतळ लांबचा धरावा लागला. दोन्ही मिळून जादा इंधन इतकं निघालं की विमान वजनाच्या मर्यादेबाहेर गेलं. प्रवासी कुणी उतरवायचा नाही, हे मी स्वतःशी ठरवलं आणि मालाची खोकी खाली ठेवायला सांगितली. भाजीपाला होता, दुसऱ्या दिवसापर्यंत टिकणार नव्हता. मालवाल्याचा फोन आला, तो रास्तच चिडला होता. त्या रात्री विमानाला साडेसतरा तास लागले, आणि शेवटचा अर्धा तास ते न्यूयॉर्कबाहेर घिरट्या घालत होतं. उतरल्याचा निरोप येईपर्यंत मी खुर्चीवरून उठलो नव्हतो. खोकी चढवली असती तर ते मधेच कॅनडात उतरलं असतं, आणि तीनशे माणसं बर्फात अडकली असती. सोळा तासांच्या आकड्यामागे रोज असं काहीतरी ठरवावं लागतं.

आपल्याकडे ही थेट उड्डाणं तशी नवीच. ८ जून १९४८ ला ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं. १४ मे १९६० पासून बोइंग ७०७ न्यूयॉर्कला जाऊ लागलं, लंडनमार्गे. मुंबईहून न्यूयॉर्कला एअर इंडियाचं न थांबता जाणारं विमान १ ऑगस्ट २००७ ला सुरू झालं, बोइंग ७७७-२००एलआरनं. बाबांच्या पिढीनं आपल्या डोळ्यांदेखत हा बदल पाहिलाय. आता तर सिंगापूर–न्यूयॉर्क १५,३०० किलोमीटरहून जास्त आहे आणि अठरा तासांच्या वर लागतात. त्या मानानं आपला मार्ग मधला.

घड्याळाचं एक राहिलं. तुम्ही लिहिलंय की आई म्हणाल्या, “रात्री दीडला निघून सकाळी सव्वासातला पोचतो, म्हणजे पावणेसहाच तास की!” आणि परतीला दुपारी साडेबाराला निघून दुसऱ्या दिवशी दीडला, म्हणजे पंचवीस तास. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेनऊ होतो, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा साडेदहा. आईबाबा एप्रिलमध्ये परतणार असतील तर परतीच्या तिकिटावरच्या वेळा याच कारणानं वेगळ्या दिसतील. कुठल्याही दोन शहरांसाठी एक सोपी युक्ती सांगतो, मी नव्या मुलांना हीच शिकवायचो. घड्याळांतला फरक माहीत नसला तरी चालतो. जाताना तिकिटावर दिसणारे तास आणि येताना दिसणारे तास मिळवा: पावणेसहा अधिक पंचवीस, पावणेएकतीस. दोन्ही खऱ्या प्रवासांची बेरीजही तीच: सव्वासोळा अधिक साडेचौदा. जाताना घड्याळ जेवढं देतं तेवढंच येताना परत घेतं. बेरजेची निम्मी म्हणजे एका बाजूचा सरासरी वेळ. फक्त मधल्या काळात घड्याळ बदललं तर एक तास इकडचा तिकडे होतो, तेवढं लक्षात ठेवा.

आता तुमच्यापुरतं. तिकिटावर सव्वासात असलं तरी विमान सहा चाळीसला टेकू शकतं किंवा आठलाही. कंपन्या वेळापत्रक करताना हंगामाच्या सरासरी वाऱ्याला थोडी जागा ठेवतात, म्हणून बऱ्याचदा लवकर पोचणारी विमानं दिसतात. मुंबईत उशिरा निघालेलं विमान वाटेत अर्धा तास भरून काढूही शकतं, पण त्यावर विसंबू नका. विमान हवेत गेल्यावर त्याचा क्रमांक टाकून उतरण्याची अंदाजे वेळ पाहा. ते आयर्लंड ओलांडून गेलं की तो अंदाज बराचसा पक्का होतो, कारण पुढचा वारा तोवर स्पष्ट असतो. त्या वेळी न्यूयॉर्कला मध्यरात्र उलटलेली असेल. निजताना नाही, पहाटे उठल्यावर एकदा बघा आणि मग निघायची वेळ ठरवा. टेकल्यापासून बाहेर यायला दीड तास तरी धरा. इमिग्रेशनची रांग, सामानाचा पट्टा, आणि आईंच्या पिशवीतल्या लोणच्याबद्दलची चौकशी. आईंचे पाय सुजत असतील तर व्हीलचेअर आत्ताच, तिकिटाबरोबर मागून ठेवा. केनेडीला चालायचं अंतर खूप आहे.

बाबांना वही आणि पेन हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा. समोरच्या पडद्यावर नकाशा असतो, त्यात जमिनीवरचा वेग, उंची, बाहेरचं तापमान आणि समोरचा वारा दिसतो. जागे असतील तेव्हा दर तासाला वेग टिपावा. सुरुवातीच्या तासांत तो ८०० च्या आसपास दिसेल, कदाचित खालीही. मग हळूहळू वाढत जाईल, आणि उंची दोन हजार फुटांनी कधी वाढली हेही कळेल. उतरल्यावर त्या आकड्यांची सरासरी काढून हवेतल्या तासांनी गुणलं की मार्गाची लांबी निघेल. ती १३,२०० च्या किती जवळ आली, ते मला जरूर कळवा.